पेशीला खो कोण देतं?

मुलांनो, खो-खोच्या मैदानात चौकोनात बसलेला खेळाडू आपण होऊन उठतो का? नाही ना! पळणारा गडी अगदी नाकासमोरून गेला, हात लांब केला तर सापडेल इतक्या जवळून गेला, तरी तो जागचा हलत नाही. पाठीवर थाप पडते, कानाशी ‘खो’ ऐकू येतो आणि मगच तो उसळतो. खो मिळण्याआधी उठला तर फाउल!

तुमच्या अंगातही या क्षणी असेच खेळाडू बसलेले आहेत. एक-दोन नव्हे, शेकडो अब्ज. त्यांचं नाव टी-पेशी. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचीच ही एक जात. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची छोटीशी ग्रंथी असते, तिथे त्यांची शाळा भरते म्हणून त्या ‘टी’. पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते बघा, आजी तिला अवधाण म्हणते. त्या गाठीत या पेशींचीच धावपळ चाललेली असते. सर्दीच्या विषाणूने पछाडलेली पेशी दिसली की टी-पेशी तिला ठार करते. आणि आपलीच एखादी पेशी बिघडून वेड्यासारखी वाढायला लागली, म्हणजे कर्करोगाच्या वाटेला लागली, तर तिलाही मारण्याची ताकद टी-पेशीत असते.

मग प्रश्न असा, की ताकद आहे तर माणसांना कर्करोग होतोच कसा? पहारेकरी दारात उभा आणि चोर घरात बसून जेवतोय, असं का होतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं लागली. न्यू यॉर्कमधले शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ सालीच एक विचित्र प्रयोग सुरू केला होता. गाठ झालेल्या रोग्यांना ते मुद्दाम जंतू टोचायचे! ताप येऊन शरीर खवळलं की काही जणांच्या गाठी खरोखरच विरघळायच्या. पण कुणाच्या विरघळतील आणि कोण जंतूंनीच दगावेल, याचा भरवसा नव्हता. पहारेकऱ्याला जागं करता येतं एवढं कोलींनी दाखवलं. तो जागा कशाने होतो, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार तरी कसं? टी-पेशी हे नावसुद्धा तेव्हा जन्मलेलं नव्हतं.

आता आपण टी-पेशीच्या अगदी जवळ जाऊ या.

पेशीभोवती एक पातळ आवरण असतं आणि त्या आवरणात हजारो प्रथिनं रोवलेली असतात. त्यांचं एक टोक बाहेर, दुसरं आत. बाहेरच्या टोकाला काही चिकटलं की आतल्या टोकाला खबर लागते. दाराची कडी बाहेरून वाजवली की घरातल्या माणसाला कळतं, तसंच. अशा प्रथिनांना ग्राही म्हणतात.

आणि कडी वाजवतं कोण? आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याची वानगी बाहेर मांडून ठेवते. आतल्या प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे, आठ-दहा मण्यांचे, ती आवरणावर टांगते. टी-पेशी येता-जाता ते चाचपत असते. तुकडा नेहमीचा असला तर ‘चालू दे’ म्हणून पुढे सरकते. पण तुकडा अनोळखी असला, म्हणजे विषाणूचा असला किंवा कर्करोगात बिघडलेल्या प्रथिनाचा असला, तर तो तिच्या ग्राहीत चपखल बसतो आणि कडी वाजते.

इथून पुढे आत खो-खो सुरू होतो. एलसीके नावाचं प्रथिन आवरणाच्या आतल्या अंगाला टपून असतं. ते ग्राहीच्या शेपटीला एक फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट म्हणजे फॉस्फरसचा एक आणि ऑक्सिजनचे चार अणू यांचा चिमुकला गट. पण तो चिकटला की प्रथिनाचा आकार आणि वागणूकच पालटते. हाच तो ‘खो’! त्यामुळे झॅप-७० नावाचं प्रथिन जागं होतं, (नाव झकास आहे की नाही?) ते पुढच्याला फॉस्फेट लावतं, पुढचं त्याच्या पुढच्याला. बघता बघता पेशीत कॅल्शियमची लाट येते, एक निरोप्या थेट केंद्रकात शिरतो आणि तिथली झोपलेली जनुकं चालू करतो. आवरणापासून केंद्रकापर्यंतच्या या सगळ्या मार्गाला शास्त्रज्ञ संदेशमार्ग म्हणतात. अवघ्या काही मिनिटांत निवांत बसलेली टी-पेशी लढाईला तयार होऊ लागते. मग एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा त्या वाढतात आणि शत्रू-पेशीला भोकं पाडून तिच्या आत मरणाचा हुकूम सोडतात.

पण थांबा. नुसती कडी वाजली म्हणून कुणी दार उघडतं का? बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात ना, एक आपली आणि एक बँकेची, तसंच इथेही आहे. अनोळखी तुकडा ही पहिली किल्ली. दुसरी किल्ली शरीरातल्या खबरी पेशींकडे असते. त्यांना कुठे धोका जाणवला तरच त्या आपल्या अंगावर बी-७ नावाचं प्रथिन उभारतात. टी-पेशीवरचा सीडी-२८ नावाचा ग्राही ते ओळखतो, आणि मगच खो पूर्ण होतो. पहिली किल्ली लागली आणि दुसरी मिळालीच नाही, तर टी-पेशी उलट सुस्तावते. चुकून आपल्याच चांगल्या पेशीवर तुटून पडू नये म्हणून केलेली ही सोय.

आता या गोष्टीत एक माणूस येतो. जेम्स अ‍ॅलिसन. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अ‍ॅलिस नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९४८ साली त्यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच त्यांची आई कर्करोगाने गेली. पुढे दोन मामा-काकाही याच रोगाने गेले. शाळेत हा मुलगा भलता हट्टी! जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांती शिकवत नाहीत म्हणून त्याने त्या वर्गात बसायलाच नकार दिला आणि तो विषय विद्यापीठाच्या टपालाने येणाऱ्या धड्यांवरून शिकला. (आई-बाबांनी घाबरून जाऊ नये, परीक्षा त्याने दिली बरं का!) तोंडाने वाजवायचा हार्मोनिका हा त्यांचा दुसरा छंद. संशोधकांचा एक वाद्यवृंदसुद्धा त्यांनी काढला.

१९८७ साली फ्रान्समधल्या संशोधकांना टी-पेशीवर एक नवं प्रथिन सापडलं होतं. नाव सीटीएलए-४. ते दिसायला सीडी-२८ सारखंच आणि बी-७ लाच चिकटणारं. बहुतेकांना वाटलं, हाही दुसऱ्या किल्लीचाच भाऊ असणार. काहींनी तसं लिहूनही टाकलं. पण अ‍ॅलिसन आणि दुसरे एक संशोधक जेफ ब्लूस्टोन यांना आपापल्या प्रयोगशाळेत उलटंच दिसलं. हे प्रथिन पेशीला उठवत नव्हतं, खाली बसवत होतं. ती किल्ली नव्हती, तो ब्रेक होता! आणि ब्रेकही कसला? सीडी-२८ पेक्षा बी-७ ला कितीतरी घट्ट धरणारा. म्हणजे दोघं समोरासमोर आले की ब्रेक जिंकणार.

असला ब्रेक शरीराने ठेवला तरी कशाला? १९९५ साली याचं उत्तर मिळालं, आणि ते अंगावर काटा आणणारं आहे. हे प्रथिन मुळातच नसलेले उंदीर संशोधकांनी जन्माला घातले. त्या पिल्लांना ना जंतू लागला, ना विषाणू. तरी तीन-चार आठवड्यांत ती मेली. त्यांच्या टी-पेशी बेसुमार वाढून त्यांच्याच हृदयात आणि स्वादुपिंडात घुसल्या होत्या. ब्रेक नसलेली एसटी घाटात सोडल्यावर दुसरं काय होणार?

हे बघून बाकीचे म्हणाले, या ब्रेकला हात लावायला नको. अ‍ॅलिसन यांनी वेगळा विचार केला. ब्रेक काढून टाकायचा नाही, पण थोडा वेळ त्यावरचा पाय उचलता आला तर? त्यासाठी त्यांनी प्रतिपिंड वापरायचं ठरवलं. प्रतिपिंड म्हणजे एकाच ठरावीक प्रथिनावर जाऊन बसणारं प्रथिन. ते सीटीएलए-४ वर बसलं की ब्रेकला बी-७ सापडणारच नाही.

१९९४ च्या अखेरीस, बर्कली इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेत कर्करोग झालेल्या उंदरांना हे प्रतिपिंड टोचलं. गाठी नाहीशा झाल्या! अ‍ॅलिसन यांचा विश्वास बसेना. नाताळची सुट्टी तोंडावर, प्रयोग करणारा सहकारी बाहेरगावी जाणार. तर त्यांनी सांगितलं, सुरुवात करून जा, रोजच्या गाठी मी मोजतो. पण कोणत्या पिंजऱ्याला औषध दिलंय ते मला सांगू नकोस. असं का? तर माहीत असलं की मोजणाऱ्याचे डोळे नकळत पक्षपात करतात. सुरुवातीला सगळ्याच पिंजऱ्यांतल्या गाठी वाढत होत्या. अ‍ॅलिसन निराश झाले. आणि मग काही पिंजऱ्यांतल्या गाठी वाढायच्या थांबल्या, लहान होऊ लागल्या आणि नाहीशा झाल्या. कोणते पिंजरे ते सांगायला हवं का? १९९६ च्या मार्चमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

तुम्हाला वाटेल, आता काय, औषध कंपन्यांची रांग लागली असेल. छे! कर्करोगावरचं औषध म्हणजे कर्करोगावर घाव घालणारं औषध, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत. हे औषध तर कर्करोगाकडे ढुंकूनही बघत नाही, ते टी-पेशीशी बोलतं. शिवाय एक घोटाळा असा, की काही रोग्यांच्या गाठी औषधानंतर आधी मोठ्या दिसायच्या, कारण आत टी-पेशींची गर्दी झालेली असायची. जुन्या फूटपट्टीने मोजलं की औषध नापास! मला तर वाटतं, या गोष्टीत उंदरांवरच्या प्रयोगापेक्षा ही पंधरा वर्षांची चिकाटी मोठी. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा एक अतिशय वाईट कर्करोग असतो, मेलॅनोमा. त्याच्यासाठी हे औषध अमेरिकेत मंजूर झालं ते २०११ च्या मार्चमध्ये. नाव इपिलिमुमॅब.

इकडे जपानमध्येही एक गोष्ट घडत होती. क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली टी-पेशीवरचं आणखी एक प्रथिन हाती लागलं, पीडी-१. ते काय करतं हे समजायला त्यांनाही काही वर्षं लागली. पीडी-१ नसलेले उंदीर लगेच मेले नाहीत. पण मोठे झाल्यावर त्यांची प्रतिकारशक्ती हळूहळू त्यांच्याच अंगावर उलटली. म्हणजे हाही ब्रेकच, फक्त सौम्य. आपला मघाचा खो-खो आठवा. फॉस्फेट चिकटलं की प्रथिन उठतं. पीडी-१ दाबलं गेलं की ते आपल्याबरोबर एक असा गडी आणतं, जो चिकटवलेली फॉस्फेटं पटापट काढून टाकतो. उठलेला प्रत्येक खेळाडू पुन्हा खाली!

आणि इथेच चोर सापडला. पीडी-१ दाबणारं प्रथिन म्हणजे पीडी-एल-१. आपल्या चांगल्या पेशी ते गरजेपुरतं अंगावर बाळगतात, ‘मी घरचीच आहे, मारू नकोस’ एवढं सांगण्यासाठी. पुष्कळशा कर्करोगाच्या पेशी तेच प्रथिन भरभरून पांघरतात. याहून कमाल पुढेच आहे. टी-पेशी लढायला येते तेव्हा ती इंटरफेरॉन नावाचा रासायनिक पुकारा करते, आणखी मदत यावी म्हणून. तो पुकारा कर्करोगाची पेशीही ऐकते! तिच्या आवरणावरही ग्राही आहे, तिच्याही आत संदेशमार्ग आहे. त्या मार्गाने तिच्या केंद्रकात निरोप जातो आणि ती झटपट आणखी पीडी-एल-१ बाहेर काढते. पहारेकऱ्याच्या शिट्टीनेच चोर सावध व्हावा, तसं.

पीडी-१ वर बसणारी दोन प्रतिपिंडं, निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब, २०१४ मध्ये औषध म्हणून मंजूर झाली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर केलं, की आपल्याला मेलॅनोमा झाला असून तो यकृतात आणि मेंदूत पोचला आहे. वय नव्वद! शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्या जोडीला त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं, आणि डिसेंबरात तपासणीत कर्करोग दिसेनासा झाला. ते पुढे शंभरी पार करून डिसेंबर २०२४ मध्ये वारले. अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

म्हणजे कर्करोग हरला का? नाही. खरं काय ते सांगायलाच हवं. पूर्वी पसरलेला मेलॅनोमा झालेले निम्म्याहून जास्त रोगी वर्षभरात दगावत. दोन्ही ब्रेकवरचा पाय एकदम उचलणारी औषधं दिलेल्या रोग्यांचा दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातले ४३ जण हयात होते. झेप मोठी आहे. पण उरलेल्या ५७ घरांचं काय? काही गाठींमध्ये टी-पेशी फिरकतच नाहीत, मग ब्रेक सोडून उपयोग काय! काही कर्करोग-पेशी वानगी टांगणंच बंद करतात. काहींच्या आतला इंटरफेरॉनचा संदेशमार्ग तुटलेला असतो, त्यामुळे टी-पेशीने कितीही ओरडलं तरी त्यांच्यावर परिणाम होत नाही. आणि ज्यांना औषध लागू पडतं त्यांच्यातही कधी कधी मोकाट टी-पेशी आतड्यांवर, फुप्फुसांवर, थायरॉइडवर चालून जातात. तसं झालं की डॉक्टरांना घाईने औषध थांबवून उलट टी-पेशींना शांत करावं लागतं.

शिवाय पैसा. ही औषधं इतकी महाग, की आपल्याकडच्या बहुतेक रोग्यांना त्यांचं नाव ऐकण्यापलीकडे काही करता येत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी यावर साधा पण फार शहाणा प्रश्न विचारला : एवढं औषध लागतंच कशाला? टी-पेशीवरचे पीडी-१ मोजकेच. ते सगळे झाकायला थोडंसं औषध पुरेल, उरलेलं रक्तात नुसतं फिरत राहणार. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब देऊन बघितलं. तोंडाच्या आणि घशाच्या, पुढच्या टप्प्याला गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर ही चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या स्वस्त गोळ्या आणि निम्म्यांना गोळ्यांबरोबर हा छोटा डोस. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात शंभरी १६ जण जिवंत होते, दुसऱ्या गटात ४३. तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग जिथे घरोघरी ऐकू येतो, त्या आपल्या देशात या आकड्याचं मोल काय आहे, ते आई-बाबांना विचारा.

मुंबईतच दुसरंही एक काम झालं. ब्रेक सोडवण्याऐवजी टी-पेशीला नवा ग्राहीच बसवला तर? रोग्याच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, त्यांत नवं जनुक घालायचं, वाढवायच्या आणि परत त्याच रोग्याला द्यायच्या. या बनवलेल्या ग्राहीचं बाहेरचं टोक रक्ताच्या काही कर्करोगांच्या पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखतं. आतल्या टोकात पहिल्या किल्लीचा तुकडा आणि दुसऱ्या किल्लीचं काम करणारा तुकडा, दोन्ही एकाला एक जोडलेले! म्हणजे बँकेकडे जायला नकोच. या पेशींना कार-टी पेशी म्हणतात. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये २०१० साली अशा पेशी दिलेल्या दोन रोग्यांच्या रक्तात त्या दहा वर्षांनंतरही सापडल्या. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून आपल्या देशातली अशी पहिली उपचारपद्धती तयार केली, नेक्सकार-१९. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला तिचं उद्घाटन केलं. परदेशात याच उपचाराला जो खर्च येतो त्याच्या सुमारे एक दशांशात हे काम होऊ लागलं. तरी ती रक्कम लाखांतच आहे, हेही लक्षात असू द्या.

रक्ताच्या कर्करोगात या पेशींनी कमाल केली. फुप्फुस, आतडं, स्वादुपिंड यांतल्या घट्ट गाठींपुढे मात्र त्या अजून अडखळतात. आत शिरल्या तरी थोड्याच दिवसांत थकतात, कारण किल्ल्या नव्या असल्या तरी त्यांच्या अंगावरचं पीडी-१ जुनंच आहे आणि गाठीतल्या पेशी ते दाबून धरतात. म्हणून टी-पेशीतलं पीडी-१ चं जनुकच कापून टाकायचं, असा विचार पुढे आला. चीनमधल्या छंगतू शहरात २०१६ साली असं जनुक कापलेल्या टी-पेशी पहिल्यांदा माणसाला दिल्या गेल्या. कार-टी पेशींमध्येही हाच ब्रेक कापून बघण्याचे प्रयोग झाले आहेत. फक्त तो किती कापायचा आणि कधी, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. ब्रेक मुळातच नसलेल्या उंदरांचं काय झालं, ते त्यांनीही वाचलेलं आहे.